अग्निप्रदीपन आणि प्रमाणपत्र : बाष्पकांच्या कायद्याचा इतिहास

दसरा-दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत एक बातमी हमखास असते : अमुक सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन अध्यक्षांच्या हस्ते संपन्न. पूजा, नारळ, सभासदांची गर्दी आणि गळीत हंगामाला शुभेच्छा असा तो थाट असतो. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या वाचकांनाही हा शब्द आठवत असेल. चूल पेटवतात, शेगडी पेटवतात, पण बॉयलरचे मात्र अग्निप्रदीपन होते. मराठीने या क्रियेला एवढा भारदस्त शब्द बहाल केला, त्यात थोडा औचित्याचा भागही आहे. थंड पडलेला बॉयलर पेटवून त्यात दाब चढवणे हा त्या यंत्राच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक काळ असतो, हे कोणताही जाणता अभियंता सांगेल.

परंतु आपल्या देशातील बॉयलरविषयक कायद्याचा १८६४ पासूनचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट लक्षात येते. कायद्याने भांडे तपासले, त्याचे पत्रे, सांधे आणि झडपा तपासल्या, त्यावर क्रमांक कोरला आणि प्रमाणपत्र दिले. ते पेटवण्याच्या व चालवण्याच्या शिस्तीकडे मात्र त्याने त्या मानाने फार कमी पाहिले. प्रमाणपत्र वर्षातून एकदा मिळते, शिस्त रोज पाळावी लागते. या दोहोंमधील अंतर समजून घेण्यासाठी हा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

बॉयलरला शासकीय मराठीत बाष्पक म्हणतात. पाणी उकळून दाबाखाली वाफ तयार करणारे बंद भांडे, एवढीच त्याची मूळ कल्पना. पाण्याची वाफ झाली की साध्या वातावरणीय दाबाला तिचे आकारमान सुमारे सोळाशेपट होते. ती कोंडून धरली की दाब वाढतो आणि त्याबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. दर चौरस सेंटीमीटरला १० किलो दाब असलेल्या बॉयलरमधील पाणी १८० अंश सेल्सिअसच्या वर तापलेले असते आणि तरीही पाणीच असते. अशा भांड्याचा पत्रा फाटला, तर त्या पाण्याचा मोठा भाग क्षणार्धात वाफ होऊन बाहेर झेपावतो. बॉयलरचा स्फोट एवढा भीषण का असतो, याचे उत्तर त्यातील वाफेपेक्षा त्या तापलेल्या पाण्यात आहे.

या यंत्राच्या प्रारंभीच्या इतिहासातच माणसाच्या वर्तणुकीचा प्रश्न उभा राहिला होता. १८०३ मध्ये लंडनजवळ ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक या अभियंत्याच्या उच्च दाबाच्या बॉयलरचा स्फोट होऊन चार माणसे मेली. बॉयलरवर लक्ष ठेवण्यासाठी नेमलेला मुलगा जागेवर नव्हता. दुसऱ्या एकाने इंजिन थांबवले, पण कोंडणाऱ्या वाफेला वाट करून दिली नाही. ट्रेव्हिथिकने यातून दोन धडे घेतले. एकाऐवजी दोन सुरक्षा झडपा बसवायच्या आणि बॉयलरच्या तापणाऱ्या भागात शिशाची गुडदी बसवायची. पाणी कमी झाले की ती गुडदी वितळते आणि तिथून निसटणारी वाफ धोक्याची सूचना देते. दोन्ही उपाय उत्तम होते आणि पुढे जगभर रूढ झाले. मात्र दोन्ही उपाय यंत्रात केलेले होते. तो मुलगा जागेवर का नव्हता आणि इंजिन थांबवणाऱ्याला पुढची पायरी ठाऊक का नव्हती, हे प्रश्न तसेच राहिले.

भारतात वाफेचे युग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्थिरावले. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. हुगळीच्या काठी रिश्रा येथे १८५५ मध्ये ताग गिरणी उभी राहिली. पाठोपाठ कलकत्त्याच्या आसपास गिरण्या, छापखाने, धक्के आणि कारखाने यांत बॉयलर आले. त्यांतले बरेच विलायतेहून आलेले होते. त्यांची अवस्था काय आहे हे विचारणारे कोणी नव्हते. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले. पुढच्याच वर्षी बंगालच्या विधान परिषदेने १८६४ चा सहावा अधिनियम संमत केला. कलकत्ता शहर व उपनगरांतील वाफेचे बॉयलर आणि त्यांच्यावर चालणारी यंत्रे यांची तपासणी त्याने बंधनकारक केली. भारतातील बॉयलर कायद्याचा प्रारंभ तो हा.

येथे थोडे थांबून इतर देशांकडे पाहणे उद्बोधक ठरेल. ज्या इंग्लंडचे राज्य येथे होते, तेथे त्या वेळी सक्तीची शासकीय तपासणी नव्हती. मँचेस्टरमध्ये १८५४ मध्ये वाफ वापरणाऱ्या कारखानदारांनी स्वतःची संघटना काढली होती. सभासदांचे बॉयलर तपासणे हे तिचे काम होते आणि ते सर्वस्वी ऐच्छिक होते. १८८२ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला तो स्फोटानंतरच्या चौकशीचा. कारखान्यांतील बॉयलर दर चौदा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घेण्याची सक्ती तेथे १९०१ च्या कारखाने कायद्याने आली. जर्मनीत मानहाइम येथील एका मद्यनिर्मिती कारखान्यात १८६५ मध्ये स्फोट झाला, तेव्हा बॉयलरमालकांनी १८६६ मध्ये स्वतःची तपासणी संस्था काढली. आज जगभर नावाजलेल्या ट्युफ या जर्मन तपासणी संस्थांचे मूळ तेथे आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन येथे मार्च १९०५ मध्ये बुटांच्या कारखान्यातील बॉयलर फुटून ५८ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्या राज्याने कायदा केला आणि पुढे यांत्रिक अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने १९१४ ची बॉयलर संहिता तयार केली.

म्हणजे एकाच संकटाला चार देशांनी चार प्रकारे उत्तर दिले. इंग्लंडने प्रथम कारखानदारांच्या स्वहितावर भिस्त ठेवली, जर्मनीने मालकांच्या संघटनेवर, अमेरिकेने अभियंत्यांच्या संहितेवर आणि भारतात सरकारने आपल्या निरीक्षकावर. आपल्याकडील बॉयलर प्रशासनाचा पिंड त्या वेळी घडला. सुरक्षितता म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने येऊन पाहणे आणि कागद देणे, ही समजूत या क्षेत्रात तेव्हापासून रुजली. तिचे लाभ मोठे झाले, तसे तिचे तोटेही झाले.

बंगालचे पाहून इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले. मुंबई इलाख्यानेही केला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत देशात सात निरनिराळे कायदे व त्यांचे निरनिराळे नियम झाले. पत्र्याची जाडी किती असावी आणि किती दाबाला मंजुरी द्यावी, याची गणिते प्रांताप्रांतांत वेगळी होती. एका प्रांताने योग्य ठरवलेला बॉयलर दुसऱ्या प्रांतात नेला की अयोग्य ठरे. भौतिकशास्त्राचे नियम प्रांताची सीमा ओलांडताना बदलत नाहीत, पण प्रमाणपत्राची किंमत बदलत होती. भारत सरकारने १९२० मध्ये बॉयलर कायदे समिती नेमली. १९२१ मध्ये तिचा अहवाल आला, १९२३ मध्ये भारतीय बॉयलर अधिनियम संमत झाला आणि १ जानेवारी १९२४ पासून तो अंमलात आला.

हा १९२३ चा कायदा रचनेच्या दृष्टीने नेटका होता. बॉयलरची नोंदणी झाल्याखेरीज आणि चालू प्रमाणपत्राखेरीज तो वापरता येणार नाही. प्रमाणपत्रात कमाल दाब नमूद असेल आणि त्यापेक्षा अधिक दाबाने बॉयलर चालवता येणार नाही. प्रमाणपत्राची मुदत सामान्यतः जास्तीत जास्त १२ महिने. बॉयलरला अपघात झाला, तो जागेवरून हलवला किंवा त्याच्या रचनेत फेरफार केला, तर मुदत शिल्लक असतानाही प्रमाणपत्र संपुष्टात येईल. अपघात झाल्यास २४ तासांच्या आत कळवणे बंधनकारक. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय बॉयलर मंडळाने केलेली १९५० ची भारतीय बॉयलर विनियमावली आली. पोलाद, वेल्डिंग, नळ्या, झडपा या सर्वांचे तपशीलवार निकष तिने घालून दिले.

तपासणीची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. बॉयलर थंड करून, रिकामा करून, आतून-बाहेरून स्वच्छ करून निरीक्षकाला दाखवायचा. नव्या बॉयलरची पाण्याने भरून कामाच्या दाबापेक्षा अधिक, साधारण दीडपट, दाबाला चाचणी घ्यायची. ही चाचणी थंड पाण्यानेच का, तर पाणी दाबले तरी फारसे आकसत नाही. त्यामुळे एखादा सांधा निसटला तरी पाणी गळते, स्फोट होत नाही. या एका व्यवस्थेने आपल्या देशात किती जीव वाचवले असतील, याची मोजदाद होणे शक्य नाही. न घडलेल्या अपघातांची नोंदवही कोणत्याच कार्यालयात नसते. या कायद्याचे यश नाकारणे म्हणजे कृतघ्नपणा ठरेल.

परंतु चाचणीच्या दिवशी बॉयलर थंड असतो, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. निरीक्षक पाहतो तो बॉयलर पेटलेला नसतो. भांडे किती दाब सोसू शकते, एवढे चाचणी सांगते. भट्टी पेटवताना कोण काय करील, हे ती सांगू शकत नाही. कोळशाच्या काळात ही उणीव फारशी जाणवत नसे. कोळशाची आग हळूहळू धरते आणि फायरमन ती डोळ्यांनी पाहतो. भट्टीत तेल व वायू आले तेव्हा धोक्याचे रूप पालटले. बर्नरमधून इंधन येत राहिले आणि ज्योत लागली नाही किंवा मध्येच विझली, तर काही सेकंदांत भट्टी जळाऊ मिश्रणाने भरते. मग एक ठिणगी किंवा तापलेली अग्निवीट पुरते. हा स्फोट पाण्याच्या बाजूचा नसून आगीच्या बाजूचा असतो. भांडे उत्तम असले, प्रमाणपत्र कालच मिळालेले असले, तरी तो होऊ शकतो.

म्हणून पेटवण्याचा एक ठरलेला क्रम असतो आणि त्यातील प्रत्येक पायरीमागे कुठल्या तरी अपघाताचा अनुभव असतो. आधी पाणी पाहायचे. पातळी दाखवणाऱ्या काचनळ्या दोन असतात. त्यांतले पाणी सोडून देऊन ते पुन्हा वर चढते की नाही याची खात्री करायची, कारण गाळाने तुंबलेली नळी खोटी पातळी दाखवते. वरची हवेची तोटी उघडी ठेवायची आणि तिच्यातून वाफ येऊ लागली की बंद करायची. त्यानंतर पंखा चालू करून भट्टीतील व धुराच्या मार्गातील सगळी हवा अनेकदा बदलेल इतका वेळ ती वाहू द्यायची. याला पर्जिंग म्हणतात. मगच ज्योत लावायची. लागली नाही तर लगेच दुसरा प्रयत्न करायचा नाही. इंधन बंद करून पुन्हा पूर्ण पर्जिंग करायचे. ज्योत लागल्यावर उष्णता सावकाश वाढवायची, कारण जाड ढोल आणि बारीक नळ्या सारख्या वेगाने प्रसरण पावत नाहीत आणि अग्निविटांच्या अस्तरातील ओल एकदम तापली तर अस्तर तडकते. शेवटी वाफेची मुख्य झडप हळूहळू उघडायची. नळात साचलेले पाणी आधी काढून टाकले नाही, तर वाफ त्या पाण्याला घणासारखी पुढे ढकलते आणि नळ फुटतात. चालू बॉयलरमध्ये पाणी दिसेनासे झाले, तर प्रथम आग बंद करायची. घाबरून तापलेल्या नळ्यांवर थंड पाणी सोडायचे नाही.

यातील बहुतेक पायऱ्या आज यंत्रच करते. ज्योत पाहणारा संवेदक ती विझताच इंधन तोडतो आणि पाणी कमी झाले की बर्नर बंद होतो. मात्र संवेदक वारंवार बॉयलर बंद पाडू लागला की त्याला बगल देऊन तार जोडण्याचा मोह कारखान्यात होतोच. उत्पादन अडलेले असते, वरून फोन येत असतात आणि तारेचा एक तुकडा हाताशी असतो. वार्षिक तपासणीच्या दिवशी ती तार काढून ठेवलेली असणार, हे सांगायला नकोच.

व्याख्येचाही एक प्रश्न आहे. रासायनिक व वस्त्रोद्योगात तेल तापवून त्या तेलाने उष्णता पुरवणारे थर्मिक फ्लुइड हीटर वापरतात. त्यांत इंधन जळते, नळ्या तापतात आणि आगीचा धोका मोठा असतो. पण वाफ तयार होत नाही, म्हणून ते बॉयलरच्या व्याख्येत बसत नाहीत. त्यांच्याकडे कारखान्यांच्या सुरक्षेविषयीच्या कायद्याच्या अंगाने पाहावे लागते. कायद्याची दृष्टी भांड्यावर व वाफेवर खिळली की असे होते. धोका आगीत असला, तरी खाते वाफेवरून ठरते.

अलीकडच्या काही घटना या संदर्भात पाहाव्यात. उत्तर प्रदेशातील ऊंचाहार येथील औष्णिक वीजकेंद्रात १ नोव्हेंबर २०१७ रोजी ५०० मेगावॅटच्या नव्या संचात दुर्घटना होऊन चाळीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. भट्टीच्या तळाशी राखेची ढेपे साचून मार्ग तुंबला होता आणि संच पूर्ण बंद न करता ती मोकळी करण्याचा प्रयत्न चालला होता, अशी माहिती त्या वेळी प्रसिद्ध झाली. हा प्रश्न पत्र्याच्या जाडीचा नव्हता. संच थांबवायचा की चालू ठेवायचा, या निर्णयाचा तो प्रश्न होता.

मे २०२० मध्ये टाळेबंदी शिथिल होऊन कारखाने सुरू होऊ लागले. त्या महिन्याच्या ७ तारखेला विशाखापट्टणम येथे वायुगळती झाली आणि त्याच दिवशी तमिळनाडूतील नेयवेली वीजकेंद्रात बॉयलरच्या ठिकाणी स्फोट झाला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने लगेच मार्गदर्शक सूचना काढल्या. कारखाना पुन्हा सुरू करताना पहिला आठवडा चाचणीचा समजावा आणि उत्पादनाची मोठी उद्दिष्टे ठेवू नयेत, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. पेटवण्याच्या काळाला असलेला धोका केंद्रीय पातळीवरील सूचनेत इतक्या स्वच्छ शब्दांत क्वचितच मांडला गेला असेल. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ जुलै २०२० रोजी, नेयवेलीच्याच केंद्रात संच पुन्हा सुरू करण्याची तयारी चालू असताना पुन्हा स्फोट झाला. त्या दिवशी सहा जण दगावले आणि जखमींपैकी आणखी काहींचे प्राण पुढील दिवसांत गेले. सूचना निघणे आणि ती बॉयलरजवळ उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचणे, या दोन वेगळ्या घटना आहेत, हे प्रशासनातील प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कायदाही मधल्या काळात बदलत गेला. २००७ च्या दुरुस्तीने सरकारी निरीक्षकाच्या जोडीला पात्र व्यक्तींकडून तपासणीची वाट मोकळी केली. बॉयलर चालवणाऱ्या परिचरांच्या परीक्षा व प्रमाणपत्रांसाठी २०११ मध्ये देशभर एकसारखे नियम आले. २०२५ मध्ये १९२३ चा कायदा जाऊन नवा बॉयलर अधिनियम आला. जीवित व मालमत्तेला धोका पोहोचवणाऱ्या चार गंभीर अपराधांसाठी त्याने फौजदारी शिक्षा कायम ठेवली आणि इतर बाबतींत आर्थिक दंडाचा मार्ग स्वीकारला. तपासणीचा ताण कमी करून उद्योगाला सुलभता देण्याचा हा प्रवाह आहे. तो योग्य की अयोग्य, हा वाद येथे करण्याचे कारण नाही. पण निरीक्षक मागे सरकणार असेल, तर त्याची जागा कोणी घ्यायची, हा प्रश्न अधिक निकडीचा होतो. ती जागा कागदाने भरून निघणार नाही.

माझ्या मते ती जागा त्या परिचराची आहे. त्याला परीक्षा द्यावी लागते, प्रमाणपत्र मिळवावे लागते. पण परीक्षा त्याचे ज्ञान तपासते, त्याला अधिकार देत नाही. पर्जिंग पुरे झालेले नाही म्हणून मुख्य अधिकाऱ्याला दहा मिनिटे थांबवण्याचा अधिकार त्याला प्रत्यक्षात असतो काय? ज्योत-संवेदकाला बगल दिलेली असताना बॉयलर पेटवायला नकार दिला, तर त्याची नोकरी टिकते काय? तो बहुधा कंत्राटदाराचा माणूस असतो. अग्निप्रदीपनाचा मुहूर्त मोठ्यांच्या वेळेनुसार ठरतो, भट्टीच्या तयारीनुसार नव्हे, अशी स्थिती असेल तर त्याचा आवाज कोण ऐकणार?

यासाठी तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत आणि त्यांना नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पहिली, बॉयलर पेटवण्याच्या प्रत्येक वेळेची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी. तीत प्रत्येक पायरीची वेळ व परिचराची सही असावी आणि तपासणीच्या दिवशी पत्र्याइतक्याच बारकाईने ती वही वाचली जावी. दुसरी, कोणत्याही सुरक्षा यंत्रणेला बगल द्यायची असेल, तर ती लेखी आदेशानेच, आदेश देणाऱ्याच्या नावानिशी व मुदतीसह द्यावी. तोंडी सांगणारे अनेक असतात, लिहून देणारे विरळा. तिसरी, परिचराने सुरक्षेच्या कारणास्तव दिलेला नकार हा शिस्तभंग मानला जाणार नाही, असे कारखान्याच्या स्थायी आदेशांत स्पष्ट लिहावे.

ग्रिनिचच्या त्या बॉयलरला पुढे दुसरी झडप मिळाली आणि शिशाची गुडदी मिळाली. कलकत्त्याला निरीक्षक मिळाला, प्रांतांना एक कायदा मिळाला, देशाला विनियमावली मिळाली. भांड्याची काळजी आपण पिढ्यान्‌पिढ्या घेतली आणि ती चांगली घेतली. भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाला "आत्ता पेटवणार नाही" एवढे म्हणण्याची मुभा देणे, हे काम अजून शिल्लक आहे. त्याला पैसा लागत नाही, पण वरच्यांनी थोडे थांबायला शिकावे लागते.